दार उघडलं की बाहेर येणारी कॅम्पर व्हॅनची पायरी नेमकी कधी धोक्याची ठरते?

सप्टेंबर लागला की कासच्या पठारावर फुलं येतात आणि साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. महाबळेश्वर-पाचगणीला जोडून सुट्टी आली की पसरणीचा घाट भरून वाहतो. सांगलीच्या बाजूला शिराळ्यावरून चांदोली, देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरचं अभयारण्य. या रस्त्यांवर आता अधूनमधून कॅम्पर व्हॅनही दिसते. आत झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, काही गाड्यांमध्ये टॉयलेटसुद्धा. चाकांवरचं घरच म्हणा ना.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जिथे हॉटेल बांधता येत नाही किंवा राहायची सोय कमी आहे, तिथे अशा गाड्या आणि त्या उभ्या करायला पार्क असावेत, असा त्यामागचा विचार. तेव्हापासून कॅम्पर व्हॅन भाड्याने देणारे वाढले, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन घरच्या घरी कॅम्पर तयार करणारेही वाढले.

या गाड्यांच्या रीलमध्ये एक दृश्य हमखास असतं. दार सरकतं आणि खालून एक पायरी अलगद बाहेर येते. दिसायला झकास! पण ही पायरी म्हणजे माणसाच्या पायाखाली, मोटरच्या जोरावर हलणारं लोखंड किंवा ॲल्युमिनियम आहे. ती कधी हलते, कुणाच्या हुकमाने हलते आणि कधी हलत नाही, हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

ही पायरी लागतेच कशाला?

कारण गाडीचा तळ उंच असतो. ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीत दारातून आत पाय ठेवायची जागा आणि जमीन यांत दोन फुटांच्या आसपास अंतर पडू शकतं. घराच्या जिन्याशी तुलना करून बघा. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या घरातली एक पायरी १९ सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी. दोन फूट म्हणजे सुमारे ६० सेंटीमीटर. म्हणजे घरात जी उंची चढायला तीन-चार पायऱ्या असत्या, ती इथे एका ढांगेत चढायची.

मध्ये एक पायरी आली तर ही उंची दोन टप्प्यांत विभागते, ३०-३० सेंटीमीटर. चढणं सोपं होतं, पण घरच्या जिन्याच्या तुलनेत ते अजूनही दीडपट उंचच राहतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला पायरी असूनही हाताला धरायला काहीतरी लागतंच.

मग पायरी कायमची बाहेर का ठेवत नाहीत? कारण ती गाडीच्या बाजूला साधारण वीतभर बाहेर येते आणि जमिनीच्याही जवळ असते. अरुंद रस्त्यावर ती कठड्याला घासेल, स्पीडब्रेकरला आपटेल, शेजारून जाणाऱ्या दुचाकीला लागेल. म्हणून थांबल्यावर बाहेर आणि निघताना आत, अशी तिची रचना.

ती चालते कशी?

यंत्रणा फार गुंतागुंतीची नसते. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, तिला जोडलेला गिअर, दोन-चार बिजागऱ्या किंवा सरकपट्ट्या आणि एक कंट्रोल युनिट. दाराच्या चौकटीत बहुतेक वेळा चुंबकावर चालणारा स्विच असतो. दार उघडलं की तो कंट्रोल युनिटला खबर देतो आणि पायरी बाहेर येते. दार लागलं की आत जाते.

यात आणखी दोन गोष्टी असतात आणि बरेच घोळ तिथेच होतात.

पहिली गोष्ट म्हणजे मेन स्विच. गाडी मुक्कामाला उभी असताना दर वेळी दाराबरोबर पायरी आत-बाहेर होऊ नये म्हणून पायरी बाहेर काढून हा स्विच बंद करतात. मग पायरी तशीच बाहेर राहते. पण पायरी आत असताना कुणी स्विच बंद केला, तर दार उघडल्यावरही ती बाहेर येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीच्या चावीशी असलेली जोडणी. चांगल्या यंत्रणेत गाडी सुरू केली की, मेन स्विच बंद असला तरी, दार लागलेलं असल्यास पायरी आपोआप आत जाते. पायरी बाहेर राहून गाडी निघू नये म्हणून ही सोय. काही गाड्यांत पायरी बाहेर असेल तर ड्रायव्हरसमोर दिवा लागतो किंवा बझर वाजतो. स्थानिक गॅरेजमध्ये बसवलेल्या पायरीला ही जोडणी असेलच असं नाही. काही ठिकाणी पायरी फक्त एका बटणावर चालते आणि ते बटण दाबायचं लक्षात ठेवणं पूर्णपणे माणसावर असतं.

धोका पहिला: पायरी असेल असं वाटतं, पण ती नसते

माणूस जिना उतरताना प्रत्येक पायरी बघत नाही. दोन-तीनदा पाय टेकला की शरीर धरून चालतं की पायरी तिथेच आहे. कॅम्पर व्हॅनमध्येही तसंच होतं. दिवसभर दहा वेळा उतरून-चढून झालं की अकराव्या वेळी कुणी खाली बघत नाही.

आता रात्रीची वेळ धरा. बामणोलीजवळ शिवसागर जलाशयाच्या काठी गाडी उभी आहे, बाहेर मिट्ट काळोख. आजोबा लघवीला उठतात. झोपण्यापूर्वी कुणीतरी मेन स्विच बंद केलेला आहे, किंवा पंखा, दिवे आणि मोबाइल चार्जिंगमुळे बॅटरी उतरली आहे, किंवा फ्यूज उडाला आहे. दार उघडतं, पायरी येत नाही आणि पाय थेट दोन फूट खाली जातो. या वयात अशा पडण्याने खुब्याचं हाड मोडणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ते मोडलं की ऑपरेशन आणि पुढे महिनोन्‌महिने आधाराने चालणं आलंच.

याचीच आणखी वाईट आवृत्ती म्हणजे पाय पायरीवर असताना ती आत जाणं. एकजण उतरतोय, त्याच वेळी आतून पोराने दार ओढलं, किंवा ड्रायव्हरने सगळे बसले असं समजून चावी फिरवली. यंत्रणा कशी जोडली आहे त्यावर पायरी थांबेल की सरकेल हे ठरतं. ती सरकली तर माणसाचा तोल पुढे आणि पाय मागे जातो. हातात चहाची किटली किंवा कडेवर मूल असेल तर सावरायला हातही मोकळा नसतो.

घाटात यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे खचलेली साइडपट्टी. गाडीची चाकं डांबरावर असतात, पण दार डाव्या बाजूला, साइडपट्टीवर उघडतं. ती डांबरापेक्षा अर्धा फूट खाली असेल तर पायरीपासून जमिनीचं अंतर तेवढंच वाढतं. वरून बघताना, विशेषतः गवत वाढलेलं असताना, ते कळत नाही.

धोका दुसरा: बोटं आणि नडग्या

पायरी आत जाताना तिच्या बिजागऱ्या कात्रीसारख्या मिटतात. लहान मुलांना हलणारी वस्तू दिसली की हात लावायचाच असतो, आणि पायरीची उंची नेमकी त्यांच्या हाताशी येते. मोठी माणसंही बोटं घालतात ती चिखल काढायला किंवा अडकलेला खडा काढायला.

‘मध्ये काही आलं की ती आपोआप थांबते’ असं विकणारे सांगतात. बऱ्याच यंत्रणांत तशी सोय असतेही. मोटरला जास्त जोर लावावा लागला की ती जास्त करंट ओढते, कंट्रोल युनिट ते ओळखतं आणि मोटर थांबवतं किंवा उलटी फिरवतं. पण यात एक मेख आहे. चिखलाने जड झालेल्या बिजागरीलाही जास्त करंट लागतो. चिखल लागला की पायरी दर वेळी थांबू नये म्हणून ही मर्यादा थोडी वर ठेवावी लागते. त्या मर्यादेच्या आत लहान मुलाचं बोट चेमटण्याइतका जोर असू शकतो. शिवाय पायरीच्या टोकापेक्षा बिजागरीजवळ जोर कितीतरी जास्त असतो, अडकित्त्यात सुपारी खिट्टीजवळ जास्त सहज फुटते तसा.

अनेक यंत्रणांत वर्म गिअर असतो. मोटर त्याला फिरवू शकते, पण बाहेरून पायरी ढकलली तर तो उलटा फिरत नाही. म्हणूनच वजन टाकल्यावर पायरी जागची हलत नाही, ही त्याची चांगली बाजू. वाईट बाजू अशी की बोट अडकलं आणि त्याच क्षणी फ्यूज उडाला, तर पायरी हाताने ओढून सुटत नाही.

उलट प्रकारही होतो. बाहेर दाराजवळ कुणी उभं असताना आतून दार उघडतं आणि पायरी थेट नडगीवर येते. गर्दीत याची शक्यता वाढते. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या गाड्यांना अगदी खेटून माणसं चालत असतात, सावलीला टेकून बसतातही. अशा वेळी आपोआप येणारी पायरी बंद ठेवून साधं स्टूल वापरलेलं बरं.

धोका तिसरा: गाडी निघाली, पायरी बाहेरच

हा धोका गाडीतल्यांना कमी आणि बाहेरच्यांना जास्त आहे. आपल्याकडे दार आणि पायरी डाव्या बाजूला असतात. त्याच बाजूने माणसं चालतात, सायकली जातात, आणि घाटात मोठी गाडी जरा थांबली की दुचाकीवाले डावीकडूनच घुसतात. वीतभर बाहेर आलेली धातूची कड दुचाकीस्वाराच्या नडगीच्या किंवा घोट्याच्या उंचीवर येते. ड्रायव्हरच्या आरशात ती सहसा दिसत नाही, कारण ती दाराच्या खाली असते.

ऊस गाळपाच्या हंगामात सांगली आणि कराडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. त्यांना जागा द्यायला गाडी डावीकडे दाबावी लागते. तिथे बाहेर राहिलेली पायरी मैलाच्या दगडाला किंवा पुलाच्या कठड्याला लागली तर ती वाकते. वाकलेली पायरी मग ना धड आत जाते ना बाहेर येते. काही वेळा ती अर्धवट तुटून लोंबकळते आणि रस्त्यावर पडून मागच्याच्या जिवावर उठते.

चालत्या गाडीच्या पायरीवर उभं राहून व्हिडिओ काढणं हा वेगळाच प्रकार. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ नुसार चालत्या वाहनाच्या फूटबोर्डवर किंवा बाहेर कुणालाही नेता येत नाही, आणि तशी परवानगी देणारा ड्रायव्हरही यात दोषी धरला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ही पायरी थांबलेल्या गाडीत एका माणसाने पाय टेकवून चढावं यासाठी बनवलेली असते. तिच्यावर उडी मारली की क्षणभर पडणारा भार माणसाच्या वजनाच्या दुपटीहूनही जास्त असू शकतो. चालत्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला तसाच दणका बसतो.

पाऊस आणि तांबडी माती काय करतात?

महाबळेश्वर हे राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथली आणि कास परिसरातली जांभ्या दगडाची तांबडी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की कडक होते. पायरी चाकांच्या मागेपुढे, गाडीच्या पोटाखाली असते, त्यामुळे चाकांनी उडवलेला सगळा चिखल तिच्यावर बसतो. बिजागऱ्यांत ही माती वाळली की मोटरला जोर लागतो, पायरी मध्येच थांबते किंवा फ्यूज उडतो.

पायरीच्या पृष्ठभागाचंही तेच. खरखरीत पट्टीच्या खाचा चिखलाने भरल्या की ती गुळगुळीत होते, आणि ओल्या चपलेने पाय सटकतो. पावसाळी ट्रिपमध्ये दर मुक्कामाला पाणी मारून पायरी धुणं आणि महिन्यातून एकदा सांधे साफ करून कंपनीने सांगितलेलं वंगण लावणं, एवढ्याने निम्मे त्रास टळतात. धुताना किंवा साफ करताना आधी फ्यूज काढायचा, मगच हात घालायचा.

गॅरेजमध्ये बसवून घेतलेली पायरी चालते का?

पायरी बसवणं वेल्डिंग करणाऱ्याला जमतं, पण तिची वायर कुठून घेतली हा खरा प्रश्न असतो. समजा मोटर १२० वॅटची आहे. १२ व्होल्टवर ती चालताना १० अँपिअर ओढते, आणि अडकली की त्याच्या कितीतरी पट. आतल्या दिव्याची बारीक वायर कापून तिथून हे कनेक्शन दिलं आणि मध्ये फ्यूज बसवला नाही, तर वायर तापते, वितळते आणि आग लागू शकते. ज्या गाडीत गाद्या, पडदे, प्लायवूड आणि गॅसची शेगडी आहे, तिथे ही हौस महागात पडते. म्हणून बॅटरीपासून वेगळी, पुरेशी जाड वायर आणि बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज, हे किमान हवंच.

कायद्याचंही बघायला लागतं. कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रॅव्हलरचा कॅम्पर करताना पायरीसह सगळे बदल आरटीओत विचारून, कागदावर घेऊन करावेत. विमा कंपनीलाही कळवावं, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच बदल अडचणीचा ठरू शकतो.

भाड्याने घेताना काय तपासायचं?

आधी नंबर प्लेट बघा. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी असेल तर पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी वापराची गाडी. ती भाड्याने दिली जात असेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे मिळतील याची खात्री धरू नका.

मग पायरीसाठी पाच मिनिटं द्या. ॲडव्हान्स देण्यापूर्वीच.

• दार तीन-चार वेळा उघडा-बंद करा. पायरी दर वेळी पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत जाते का? मध्येच अडखळते का?

• दार उघडं आणि पायरी बाहेर असताना मालकाला गाडी सुरू करायला सांगा. पायरी जागेवर राहते की आत जाते? तेव्हा पायरीवर कुणी उभं नको.

• पायरी बाहेर आणि दार बंद असताना गाडी सुरू केली की ती आत जाते का? ड्रायव्हरला दिवा किंवा बझर आहे का?

• वर्तमानपत्राची जाड सुरळी मध्ये धरून ठेवण्याऐवजी नुसती ठेवून द्या आणि दार लावा. पायरी थांबली तर ठीक. सुरळी चेचली गेली तर बोटाचं काय होईल ते समजलं. ही चाचणी हाताने कधीच करायची नाही.

• मेन स्विच कुठे, फ्यूज कुठे आणि वीज नसताना पायरी हाताने मोकळी करायची कशी, हे तिन्ही विचारा आणि करून दाखवायला सांगा.

• पायरीवर किती किलो वजन चालतं, त्याचा स्टिकर बघा.

• वाकून खाली बघा. लोंबकळणारी वायर किंवा नुसती टेप गुंडाळलेला जोड दिसला तर दुसरी गाडी शोधा.

मुक्कामाच्या ठिकाणीही काही साध्या सवयी पुरतात. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. रात्री पायरी बाहेर काढूनच मेन स्विच बंद करा आणि दारापाशी टॉर्च ठेवा. पायरीच्या कडेला चकाकणारी रेडियमची पट्टी चिकटवा. वयस्कर माणसांनी उतरताना जिन्यासारखं पुढे तोंड करून न उतरता, शिडी उतरतात तसं गाडीकडे तोंड करून, हँडल धरून उतरावं.

काही झालंच तर?

बोट अडकलं तर ओढाओढ करू नका. गाडी बंद करा आणि पायरी उलटी फिरवता येत असेल तर फिरवा. ते जमलं नाही तर वीज तोडून पायरी हाताने मोकळी करा. बोट सुटल्यावर रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा आणि दवाखाना गाठा. वरून किरकोळ दिसलं तरी आतलं हाड मोडलेलं असू शकतं.

म्हातारं माणूस पडलं आणि खुब्यात किंवा पाठीत दुखतंय म्हणालं, तर त्याला उचलून उभं करू नका. आहे तसं पडू द्या, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. कोयनेच्या खोऱ्यात, चांदोलीच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रेंज शेवटची कुठे होती आणि जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे मुक्काम ठरवतानाच बघून ठेवा.

एसटीचा जुना नियम इथेही चालतो

एसटीत ड्रायव्हर स्वतःच्या मनाने गाडी हलवत नाही. कंडक्टर दाराकडे बघतो, चढणारा-उतरणारा कुणी राहिला नाही ना याची खात्री करतो आणि मग डबल बेल देतो. बेल मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही. कॅम्पर व्हॅनमध्ये सेन्सर असतो, बझर असतो, पण कंडक्टर नसतो. म्हणून ट्रिपला निघतानाच एकाला कंडक्टर करून टाका. दर वेळी त्याने खाली उतरून बघायचं, मुलं गाडीपासून लांब आहेत ना, पायरी पूर्ण आत गेली ना, दार नीट लागलं ना. त्याने ‘चला’ म्हटल्यावरच ड्रायव्हरने चावी फिरवायची.